मायाप्पा वॉचमनची इटली

माझे वडील मायाप्पा सोलापुरातल्या एका गिरणीच्या गेटवर वॉचमन होते, आणि त्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट येत होती. ती त्यांनी तीस वर्षं सांगितली. चाळीत नवा भाडेकरू आला की त्याचं सामान लागायच्या आत कुणीतरी त्याला आमच्या दारात आणून बसवायचं आणि म्हणायचं, "आबा, इटलीचं सांगा की." आबा आधी आढेवेढे घ्यायचे, मग मिशीवरून हात फिरवून सुरू व्हायचे. मला लहानपणी या गोष्टीचा अभिमान होता, कॉलेजात गेल्यावर कंटाळा आला, आणि पुढं अशी वेळ आली की ती सुरू झाली की मी चपला घालून बाहेर पडायचो. ते का, तेच सांगतो आहे.

आबा केमजवळच्या एका वाडीचे. धनगर. आईबाप लवकर गेले, म्हणून त्यांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, केराबाईनं. आबा तिला आक्का म्हणायचे. आक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली होती; मेंढरं आणि भाऊ दोन्ही तिनंच राखली. आबा अठरा वर्षांचे झाले त्या साली तिनं करमाळ्याकडच्या एका माणसाशी पाट लावला आणि नांदायला गेली. आमच्यात दुसरं लग्न करण्यात काही गैर नाही. पण आबांनी डोक्यात राख घालून घेतली. वेशीपर्यंत तिच्यामागं जाऊन चारचौघांत ओरडले, "माज्यापुरती माजी आक्का मेली!" आणि केमला गाडीत बसून सोलापूरला आले, पलटणीत नाव घातलं. बेचाळीस साल होतं, पलटणीत कुणालाही घेत होते. मेंढरं राखणारा गडी म्हणून यांना खेचरांवर टाकलं.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आबा इटलीच्या डोंगरात होते. तिथून पुढची गोष्ट त्यांच्याच तोंडची.

"डोंगूर म्हंजे आपल्यासारकं बोडकं न्हवंत. वर धुकं, खाली गुडघाभर चिखूल. मोटार चढत न्हवती. वर मोर्च्यावर पानी पोचवायचं तर आमची खेचरं. माज्या खेचराचं नाव राणी. तिच्या दोन बाजूला पान्याचे दोन डबे. एक दिस राणी लंगडाया लागली, मी मागं पडलो. तितं वाटंला एक घर पडल्यालं. ताजं पडल्यालं, धूर निगत हुता. आनी आतनं आवाज."

ढिगाऱ्यात एक माणूस कमरेपर्यंत गाडला गेला होता. आबांच्याच वयाचा, तिथलाच कुणी गावकरी. अंगावर तुळई आडवी पडलेली. आबांनी सगळा जोर लावला, ती हलली नाही. मग ते त्याच्या उशाशी बसले.

"आनी त्यो काय म्हनत हुता ठावं हाय? आक्का. आक्का. आक्का. डोळं माज्याकडं, आनी तोंडात आक्का. माज्या आंगावर काटा आला. म्हनलं, सात समुद्रापल्याड बी मानूस मराया लागला की भणीलाच हाक मारतो की! आनी मी माजी आक्का जित्तीपनी मारून आलोय. मी त्याचा हात धरला. म्हनलं, येतीया बाबा, तुजी आक्का येतीया. आर्धा तास तसाच धरून बसलो. मग गेला."

इथं ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. शेचाळीस साली आबा परत आले ते वाडीवर न जाता सरळ आक्काच्या दारात. तोवर तिचा दुसरा नवराही वारला होता, पोटी मूल नव्हतं, दीर-जावा तिला राबवून घेत होत्या. आबांनी तिला तिथल्या तिथं उठवलं आणि सोलापूरला आणलं. तेव्हापासून केराबाई, म्हणजे माझी आत्ती, आमच्या घरात. आबांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आईला सांगितलं, आधी आक्का, मग तू. आई त्यावर कित्येक वर्षं धुसफुसली, पण इटलीतल्या त्या मेलेल्या माणसापुढं तिचं काही चाललं नाही. आत्तीला आमच्या घरात जो मान होता तो त्या एका शब्दावर होता, आणि हे आत्तीलाही पक्कं ठाऊक होतं. कुणी गोष्ट ऐकून हळहळलं की ती आतून म्हणायची, "त्या लेकराच्या भणीला बिचारीला कळलं बी नसंल."

माझं नाव ज्ञानबा. नावाला जागून मी शिकत गेलो. आमच्या चाळीत मराठी होती, कानडी होती, विणकरांची तेलुगू होती आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत दखनी होती. नळावरच्या एका भांडणात या चारही भाषा लागायच्या. मला भांडणापेक्षा भाषेत जास्त रस. बी.ए.ला चांगले गुण पडले, शिष्यवृत्ती मिळाली, आणि बहात्तर साली दिल्लीच्या एका विद्यापीठाचा फॉर्म आणला. भाषाशास्त्र आणि जोडीला युरोपातली एक भाषा, दोन्ही मिळून एक एम.ए.

शेजारचे चन्नप्पा गिरणीत कारकून होते. ते म्हणाले, "भाषाशास्त्र म्हणजे काय रे? हात बघतात तसं जीभ बघतात की काय?" मी जर्मनवर खूण केली होती, कारण जर्मन शिकलेल्याला पुण्यात नोकरी लागते असं ऐकलं होतं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ह्यात इटलीची न्हाय?"

"हाय की," मी म्हटलं.

"मग ती घे."

"तिचा काय उपेग आबा? कोन नोकरी देनार?"

"घे म्हनलं की."

आबांनी तोवर माझ्या शिक्षणात एका शब्दानं लक्ष घातलं नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या गोष्टीचं कौतुक, पोरानं तिकडची भाषा बोलावी अशी हौस असणार. मी जर्मन खोडून इटालियन लिहिलं.

दिल्लीत इटालियन शिकवायला उंच, पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, मूळच्या तिकडच्याच. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर रोजच्या वस्तू मांडल्या. पाव, चाकू, मीठ, पेला. एकेक उचलायची, नाव सांगायचं, आम्ही मागून म्हणायचं. पेला उचलून त्यांनी आतलं पाणी हलवून दाखवलं आणि म्हणाल्या, "आक्वा."

वर्ग म्हणाला, आक्वा. मीही म्हणालो. खरं सांगतो, मला आधी हसू आलं. वाटलं, काय गंमत आहे, पाण्याला आपल्या आक्कासारखा शब्द, घरी कळवलं पाहिजे. वहीत देवनागरीत लिहूनही घेतला. लिहून झाला आणि हात तिथंच थांबला.

बाई पुढं मीठ आणि चाकू म्हणत होत्या, मला ऐकू येईनासं झालं. मला ढिगाऱ्यातला माणूस दिसत होता आणि त्याच्या उशाशी बसलेले आबा दिसत होते. दहा पावलांवर राणी उभी होती. तिच्या अंगावरचे दोन्ही डबे भरलेले होते.

मी त्या शब्दातून पळवाट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. बहिणीला इटालियनमध्ये काय म्हणतात ते शोधलं. सोरेल्ला. डोंगरी बोलींची पुस्तकं काढली, तिथंही आक्का कुठं सापडेना. मग ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे गेलो. नाव-गाव न सांगता विचारलं, आक्वाचं आक्का ऐकू येईल का? ते खूश झाले. म्हणाले, "जरूर येईल. ऐकणाऱ्याच्या भाषेत जो शब्द असतो तोच त्याच्या कानाला सापडतो. शिवाय 'व' म्हणायला ओठ गोल करावे लागतात. ओठ सुकले असतील, फुटले असतील, तर 'व' पहिला गळतो. फार सुंदर उदाहरण आहे. यावर टिपण लिही."

मी लिहिलं. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला पडले. त्या दोन पानांची मला अजून लाज वाटते.

दिवाळीला घरी निघालो. दौंडला गाडी बदलली तेव्हा ठरलं होतं की आबांना सांगायचं. ज्याचं खरं त्याला कळलं पाहिजे. जेऊर मागं पडलं तोवर तेच ठरलेलं होतं. केमला गाडी थांबली. फलाटावर आबांसारखीच पटकेवाली माणसं खाली मान घालून उभी होती. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता, डब्यात सगळे टँकर आणि रोजगार हमीचंच बोलत होते. त्या माणसांकडं बघता बघता माझा धीर सुटला. पाण्याचे डबे शेजारी असताना एक माणूस तहानेनं मेला, आणि तो तुमचा हात धरून मेला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि आत्तीचं काय? पंचवीस वर्षांनी तिला म्हणायचं की तू ज्या शब्दामुळं या घरात आलीस तो तुझा नव्हताच?

भाऊबीजेच्या सकाळी आबा पाटावर बसले, आत्तीनं ओवाळलं. चन्नप्पा फराळाला आले होते. आबांनी कपाळावरचं कुंकू न पुसता माझ्याकडं बघितलं. "ज्ञानू, तितं भणीला काय म्हंत्यात रं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"आक्काच म्हणतात, आबा," मी म्हटलं. "डोंगरातल्या जुन्या बोलीत तसा शब्द आहे. ग्रंथांत आढळतो."

आत्तीनं आबांना पुन्हा एकदा ओवाळलं. चन्नप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघा! कानडीत अक्का, मराठीत आक्का, इटलीत आक्का! म्हणजे मुळात एकच की सगळं!" आबा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि उठले. मला वाटलं, चला, एक माणूस वाचवला.

पण मीच सापडलो. सोलापुरात आक्का हा शब्द पावलोपावली आहे. मंडईत भाजीवाली गिऱ्हाइकाला आक्का म्हणते, बसमधला कंडक्टर बाईला आक्का म्हणतो, तेलुगू पोरं, कानडी पोरं, सगळ्यांना एकेक आक्का आहेच. पूर्वी तो शब्द कानावरून जायचा. आता रस्त्यात कुणीही मागून हाक मारली की मला वाटायचं, कुणाचा तरी घसा सुकतो आहे. मी वळून बघायचो. बहुतेक वेळा दोन बायका हसत बोलत असायच्या.

त्र्याहत्तरचा उन्हाळा तर विसरण्यासारखा नाही. नळाला दोन-दोन दिवस पाणी नव्हतं. भर दुपारी एक म्हातारी दाराशी आली, अक्कलकोटकडची असावी, दुष्काळानं घर सोडलेली. उंबऱ्याला धरून आईला म्हणाली, "अक्का, नीर कोडरी." आक्का, पाणी द्या, एवढंच. दोन्ही शब्द शेजारी शेजारी. मी उंबऱ्यालगतच बसलो होतो, माझ्या हाताशी कळशी होती, आणि मला उठता येईना. आईनं येऊन म्हातारीला पाणी दिलं आणि मला शिव्या घातल्या. "दिल्लीला जाऊन मानूसकी इसरलास व्हय रं?" त्यानंतर कुणी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला की तो रिकामा करून पालथा घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आबा दर सुट्टीत विचारायचे. कधी गेटवर, कधी जेवताना. "नीट बगितलंस का पुस्तकात? भणीलाच म्हंत्यात न्हवं?" मी दर वेळी नवा पुरावा द्यायचो. खोट्याला संदर्भ जोडायला मला विद्यापीठानं उत्तम शिकवलं होतं. आबा "बरं" म्हणायचे. गोष्ट ते अजून सांगत होते, पण कुणी फारच धरून बसलं तर. मला वाटलं, वय झालं.

चौऱ्याहत्तरला एम.ए. होऊन मी सोलापुरातच एका हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि मराठी व्याकरण शिकवायला लागलो. इटालियन पेटीत गेलं. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र आबांच्या गिरणीनं इटलीहून सूत काढायची यंत्रं आणली, आणि ती बसवायला तिकडचा एक फिटर आला. फाल्की त्याचं नाव. पन्नाशीचा, जाडजूड, घामानं निथळणारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. चन्नप्पांनी साहेबाला माझं नाव सांगितलं आणि सुट्टीपुरता मी दुभाषी झालो. सगळी चाळ म्हणाली, बघा, कामाला आलं की नाही. मला वेगळीच काळजी. फाल्की रोज सकाळ-संध्याकाळ गेटमधून जाणार, आणि गेटवर आबा.

पहिल्याच दिवशी मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्याकडं पाण्याला जो शब्द आहे तो इथं चारचौघांत उच्चारू नका, इथल्या भाषेत तो माणसाच्या बहिणीवरून आहे आणि लोक फार मनाला लावून घेतात. फाल्की हबकला. सज्जन माणूस होता. तो दिवसभर "पानी, पानी" असं घोकत राहिला. मी स्वतः खांद्याला थर्मास लटकवून त्याच्यामागं फिरायचो, त्याला तहान लागायच्या आधीच पेला पुढं करायचो. इतकी सेवा मी कुणाची केली नसेल. बारा दिवस निभावलं.

तेराव्या दिवशी दुपारी एक वाजता फाल्की यंत्राच्या खात्यातून एकटाच बाहेर पडला. मी साहेबाकडं अडकलो होतो. धावत गेटकडं आलो तर तो गेटच्या भिंतीला टेकून खाली बसत होता. तोंड लाल, डोळे वर गेलेले. आबा स्टुलावरून उठले होते. मी वीस पावलांवर होतो. त्याचे ओठ हलले आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

"आक्का."

ओठ सुकले होते. 'व' गळाला होता.

आबा क्षणभरही थांबले नाहीत. वळून माठातून तांब्या भरला, गुडघा टेकून बसले, एका हातानं त्याची मान उचलली आणि पाणी तोंडाशी लावलं. तो घटाघटा प्यायला लागला तसा त्यांनी तांब्या जरा मागं घेतला आणि म्हणाले, "पियानो, पियानो."

पियानो म्हणजे हळू, सावकाश. आबांच्या तोंडून इटालियन शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

फाल्कीला उचलून दवाखान्याच्या खोलीत निजवलं, डॉक्टर आला, ऊन लागलंय म्हणाला. मी परत गेटवर आलो. आबा सांडलेलं पाणी पायानं पसरत होते.

"आबा, त्यो काय म्हनला ते तुमाला कळलं?"

"पानी म्हनला."

"कवापासनं ठावं हाय?"

"त्याच हिवाळ्यापासनं," आबा म्हणाले. ते स्टुलावर बसले. "म्हैन्याभरानं दुसऱ्या एका गावात ग्येलो. इहिरीवर एक बाई हुती. तिनं घागरीवर हात ठिवला नि त्योच सबूद म्हनली. मी तितंच मटकन खाली बसलो. तिला वाटलं ह्याला तहान लागलीया. तिनं मलाच पाजलं."

"मग गोष्ट?"

"आक्काला आनाया ग्येलो तवा काय सांगनार हुतो? पान्याचे डबे घिऊन बसलो आनी एक मानूस तान्हेला मारला म्हनून? पर त्या आर्ध्या तासात मला आक्का आठवली हे खरंच हाय की. तेवडंच सांगितलं. मग लोकं सांगा सांगा म्हनाया लागली."

"मग मला कशापाय इचारत हुता, भणीला काय म्हंत्यात म्हनून?"

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. डोकं घामानं भिजलं होतं.

"तुला इटलीची भाषा घे म्हनलं ते कशापाय? मला वाटलं, ह्यो शिकंल, ह्याला कळंल, आनी घरी येऊन माज्या तोंडावर म्हनंल. कुनीतरी म्हनाया पायजे की रं. आक्कापाशी बोलता येत न्हाय, ती त्या सबदावर आपल्यात ऱ्हात्या. ऱ्हायलास तू. वर्साला वर्स इचारलं. तू म्हनलास, आक्काच म्हणतात."

"मी खोटं बोलतोय हे कसं वळकलं?"

"घरात तू म्हंत्यात म्हनतोस. त्या दिशी 'म्हणतात' म्हनलास. 'आढळतो' म्हनलास. तवाच कळलं, ह्याला समदं ठावं झालंय."

दोन वर्षं दिल्लीत मी बोलीभाषा शिकलो होतो. माणूस परिस्थितीप्रमाणं बोली कशी बदलतो यावर पेपर लिहिला होता. मला माझी इतकी शरम वाटली की वर बघवेना. मी त्यांना वाचवत नव्हतो. मी त्यांना पाच वर्षं दारात उभं करून ठेवलं होतं.

"आता म्हन," आबा म्हणाले.

"त्यो पानी मागत हुता, आबा."

"व्हय. फुडं?"

पुढचं वाक्य चार शब्दांचं होतं. ते मला येत होतं. आबा वाट बघत होते, हात मांडीवर, एखाद्यानं निकाल ऐकायला बसावं तसे.

"फुडं, ज्ञानू?"

"तुमाला ठावं न्हवतं," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. "ते तर मी बी मला रोज म्हनतो," ते म्हणाले. तेवढ्यात भोंगा झाला आणि ते पटका बांधून गेट उघडायला उठले.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. आम्ही रोज एकत्र जेवलो. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

एकोणऐंशीच्या पौषात त्यांनी अंथरूण धरलं. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर मान हलवून गेला. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. आधी आई पुढं झाली. आबांनी दात आवळून घेतले. मग मी चमच्यानं प्रयत्न केला. पाणी ओठावरून हनुवटीवर ओघळलं. ओठ पांढरे पडले होते, त्यांना तहान होती हे कुणालाही दिसत होतं. मग आत्ती तांब्या घेऊन उशाशी बसली. "मायाप्पा, माज्या हातचं तरी घे रं," ती म्हणाली. त्यांनी तोंड फिरवलं. शेजारणी म्हणाल्या, शुद्ध नाही. आबा पुरते शुद्धीवर होते, हे फक्त मला ठाऊक होतं.

चार शब्द होते आणि ते आत्तीसमोर म्हणता येत नव्हते. मी वाकलो, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि ते इटालियनमध्ये म्हटले. पाणी तुम्ही दिलं नाहीत. त्या भाषेत मी ते आक्वापासूनच सुरू केलं. माझाही गळा दाटला होता, 'व' नीट उमटला नसावा.

"हाय की मी हितंच," आत्ती म्हणाली आणि तिनं भावाचा हात धरला.

आबांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग तोंड उघडलं. आत्तीनं पाणी घातलं, दोन घोट गेले, तिसरा बाहेर आला.

आत्ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगते. कुणाच्या हातचं घेईना, ज्ञानूनं कानात आक्का म्हनलं तवाच माज्या भावानं पानी घेतलं. सांगताना ती माझ्याकडं बघते, आणि मी मान हलवतो.